त्यांच्याकडे होते, की त्यांचे होते?

एका वाचक भगिनीचे पत्र, थोडे आटोपशीर करून:

‘आमचे वडील चार महिन्यांपूर्वी गेले. मागे कागदी पुस्तकांची दोन कपाटे राहिली आणि एक ई-रीडर राहिला. गेल्या दहा-बारा वर्षांत पैसे मोजून घेतलेली तीनशेहून अधिक पुस्तके त्या ई-रीडरमध्ये आहेत. शिवाय ईमेल, छायाचित्रे आणि थोडे बिटकॉइन आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, “कपाटे तू घे, डिजिटल सगळे मी घेतो, बाबांनी दोन्हींवर सारखाच पैसा घातला आहे.” मला ते पटेना. निदान ई-पुस्तके निम्मी-निम्मी करू असे ठरले, तर एकही पुस्तक माझ्या खात्यात जाईना. कंपनीकडे विचारणा केली तेव्हा खाते हस्तांतरित करता येत नाही, एवढेच उत्तर आले. बाबांना पुस्तक वाचून झाले की शेवटच्या पानावर पेन्सिलीने तारीख टाकायची सवय होती. ई-रीडरवरही ते शेवटच्या पानाशी टीप उघडून “संपले” असे लिहीत. पैसे त्यांचे, वाचन त्यांचे. मग पुस्तके कोणाची? आणि आम्ही वाटणी नेमकी कशाची करायची?’

प्रिय भगिनी,

आपण एरवी ‘बाबांकडे तीनशे ई-पुस्तके होती’ असेच म्हणतो, आणि तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या ‘कडे’मध्ये आहे. मराठीला अशा जागी एकट्या ‘असणे’ या क्रियापदावर कारभार चालवावा लागतो, तरीही ती नाती वेगवेगळी ठेवते: मला भाऊ आहे, माझ्याजवळ छत्री आहे, माझ्याकडे तुमचे पुस्तक आहे, हे घर माझे आहे. यातले ‘माझ्याकडे तुमचे पुस्तक आहे’ हे वाक्य आपण जराही न अडखळता उच्चारतो, कारण ताबा एकाचा आणि मालकी दुसऱ्याची असू शकते हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. तुमच्या वडिलांकडे जे जे होते त्यातले त्यांचे किती होते, हे आधी ठरवावे लागेल. वाटणी त्यानंतर.

मालकी म्हणजे माणूस आणि वस्तू यांच्यातले नाते, असे आपण सहसा समजतो. कायद्याचे अभ्यासक मात्र तिच्याकडे माणसामाणसांतले नाते म्हणून पाहतात: एखाद्या वस्तूबाबत मी कोणाला अडवू शकतो आणि मला कोण अडवू शकतो, या प्रश्नाचे ते उत्तर असते. रोमन कायद्याच्या परंपरेत तिचे तीन पदर सांगितले जातात: वस्तू वापरणे, तिच्यापासून येणारे उत्पन्न घेणे आणि तिची विल्हेवाट लावणे, म्हणजे ती विकणे, देऊन टाकणे किंवा नष्टही करणे. ऑक्सफर्डचे विधिज्ञ टोनी ऑनोरे यांनी 1961 मध्ये याच मालकीचे अकरा घटक मांडले. त्यांत ती वस्तू वारसांकडे जाऊ शकणे आणि मालकीला मुदत नसणे हे दोन घटक आहेत. तुमच्या प्रश्नाचा काटा नेमका तिथे रुतलेला आहे. त्याच यादीत मालकाच्या कर्जापोटी वस्तू जप्त होऊ शकणे आणि ती वापरून इतरांना इजा न करण्याचे बंधन, हे घटकही आहेत. मालकीत ओझेही येते, हे दोन कपाटे ठेवायला जागा शोधताना तुमच्या लक्षात आलेच असेल.

या कसोटीवर कपाटे सहज उतरतात. त्यांतले कोणतेही पुस्तक तुम्ही ठेवू शकता, विकू शकता, ग्रंथालयाला देऊ शकता. ज्याने ते छापले त्याची परवानगी लागत नाही. आज हे स्वयंसिद्ध वाटते, पण कोणी तरी भांडून घेतल्यामुळे ते तसे झाले आहे. अमेरिकेतल्या एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीच्या आतल्या पानावर सूचना छापली होती की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीत विकण्याचा परवाना कोणाही विक्रेत्याला नाही. मेसीज या मोठ्या दुकानाने ते 89 सेंटला विकले, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1908 मध्ये न्यायालयाने सांगितले की प्रत एकदा विकल्यावर तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा कॉपीराइट चालत नाही. मजकुराचा हक्क लेखक-प्रकाशकाकडे राहतो, प्रत मात्र घेणाऱ्याची होते. विक्रेता पैसे घेऊन दाराबाहेर पडतो आणि पुन्हा आत येत नाही.

ई-पुस्तकात विक्रेता दाराबाहेर पडतच नाही. पैसे भरल्यावर तुमच्या वडिलांना सहसा प्रत मिळत नसे, परवाना मिळत असे: या खात्यातून, या यंत्रांवर, या अटींवर वाचण्याची मुभा. ती मुभा त्यांच्या नावाची होती आणि बहुतेक अशा करारांत ती दुसऱ्याला देता येत नाही, असे स्पष्ट लिहिलेले असते. म्हणून कंपनीचे उत्तर कोरडे असले तरी खोटे नाही. हे लिहिताना मला बरे वाटत नाही. माझ्याच फोनवर पैसे भरून घेतलेला एक शब्दकोश होता. फोन बदलला आणि नव्या फोनवर तो ‘उपलब्ध नाही’ असे दिसू लागले. रागारागाने पावती शोधून काढली, तर तिच्यावर कोशाचे नाव होते, तारीख होती, आणि खाली बारीक अक्षरांत ‘वापराचा परवाना’ असेही होते. पावतीने काहीच लपवले नव्हते, मीच ती वाचली नव्हती.

तरी दोष सगळा वाचणाऱ्याचा आहे असे मी म्हणणार नाही. पडद्यावर ‘विकत घ्या’ असे ठळक बटण ठेवायचे आणि ‘हा परवाना आहे’ हे चाळीस पडदे खाली नेऊन ठेवायचे, यात लबाडी आहेच. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या कायद्याने तिला थोडा आळा घातला. ग्राहकाला केवळ परवाना मिळणार असेल, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय विक्रेत्याला ‘विकत घ्या’ यासारखे शब्द वापरता येत नाहीत. या कायद्याने ग्राहकाला मालकी दिली नाही, शब्द मात्र जागेवर आणले.

हा फरक प्रत्यक्षात काय करतो, याची दोन उदाहरणे तुमच्या प्रश्नाला फार जवळची आहेत. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्यांच्या काही प्रती वाचकांच्या किंडल यंत्रांवरून दुरूनच पुसून टाकल्या. ज्याने त्या विक्रीस ठेवल्या होत्या त्याच्याकडे हक्कच नव्हते, असे नंतर कळले. पैसे परत केले गेले आणि कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली. परंतु एका विद्यार्थ्याने त्यातल्या एका पुस्तकावर अभ्यासाच्या टिपा काढल्या होत्या. टिपा राहिल्या, पण ज्या पानांवर त्या होत्या ती पानेच नाहीशी झाल्यामुळे त्या निरुपयोगी झाल्या, आणि तो न्यायालयात गेला. दहा वर्षांनी, 2019 मध्ये, मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. विकलेली सर्व पुस्तके वाचकांच्या हातून गेली, सगळ्यांना पूर्ण पैसे मिळाले आणि ज्यांनी पुस्तकांत टिपा काढल्या होत्या त्यांच्या खात्यात 25 डॉलर जास्तीचे जमा झाले. त्या 25 डॉलरांकडे मी बराच वेळ पाहत राहिलो आहे. पुस्तकाची किंमत परत करता येते, पण वाचकाने त्यात स्वतःचे जे घातले त्याचे काय करायचे हे कंपनीलाही उमगले नव्हते, म्हणून तिने एक गोल आकडा ठरवला.

डिजिटल वस्तू स्वभावानेच मालकीची होऊ शकत नाही, असा समज मात्र करून घेऊ नका. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2012 मध्ये, कायमस्वरूपी परवान्याने उतरवून घेतलेले सॉफ्टवेअर दुसऱ्याला विकता येते, असा निर्णय दिला. त्याच न्यायालयाने 2019 मध्ये ई-पुस्तकांना ही मुभा नाकारली. कारण वाचण्यासारखे आहे: कागदी प्रत वापराने झिजते, डिजिटल प्रत झिजत नाही, त्यामुळे जुनी प्रत नव्याची तंतोतंत जागा घेते आणि लेखकाचे नुकसान होते. गंमत अशी की जी वस्तू कधीच झिजणार नाही, तिचीच मालकी आपल्याला मिळत नाही. तुमच्या हातातला ई-रीडर ही मात्र साधी, झिजणारी वस्तू आहे. ती निःसंशय तुमच्या वडिलांची होती आणि आता तुम्हा भावंडांची आहे. डबा तुमचा, आतला ऐवज परवान्याचा.

आता बिटकॉइन. तिथे चित्र उलटे होते, आणि तुमच्या भावाने सगळे डिजिटल एकाच मोटेत बांधले आहे, ते याच ठिकाणी सुटते. ई-पुस्तकात तुमच्या आणि मजकुराच्या मध्ये एक कंपनी कायम उभी असते. स्वतःजवळ राखलेल्या बिटकॉइनमध्ये मध्ये कोणीच नसते. ज्याच्याकडे गुप्त किल्ली, म्हणजे एक लांबलचक गुप्त आकडा, तो नाणे हलवू शकतो. बहुतेक वॉलेटमध्ये, म्हणजे किल्ली सांभाळणाऱ्या ॲपमध्ये किंवा यंत्रात, ही किल्ली पुन्हा उभी करण्यासाठी बारा किंवा चोवीस साध्या शब्दांची एक ओळ दिलेली असते आणि हे शब्द 2048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. ती ओळ हरवली तर दाद मागायला कार्यालय नाही, मृत्यूचा दाखला दाखवून दुसरी प्रत मिळत नाही. ती ओळ दुसऱ्याच्या हाती पडली तर तो पळभरात सर्व घेऊन जाऊ शकतो. अशा माणसाकडे ताबा आला, मालकी आली नाही, असे न्यायालये म्हणू लागली आहेत. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने 2019 मध्ये बिटकॉइनला मालमत्ता मानले, आणि 2025 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदाच केला की एखादी गोष्ट हातात धरता येत नाही आणि येणे असलेल्या कर्जासारख्या, दुसऱ्यावरच्या दाव्याच्या रूपातही बसत नाही, एवढ्याच कारणाने तिला मालमत्ता म्हणून नाकारता येणार नाही. तरीही चोराच्या मागे धावणे हे निकालपत्र मिळवण्याहून फार अवघड असते.

इथे एक मेख आहे. वडिलांचे बिटकॉइन त्यांच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये होते की एखाद्या कंपनीच्या मंचावर, हे आधी पाहा. मंचावर असतील तर पडद्यावर आकडा दिसतो, पण तो आकडा म्हणजे नाणे असेलच असे नाही. सेल्सिअस नावाची कंपनी बुडाल्यावर जानेवारी 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयाने निर्णय दिला की व्याज देणाऱ्या खात्यांत ग्राहकांनी ठेवलेली नाणी, ग्राहकांनीच मान्य केलेल्या अटींनुसार, कंपनीच्या मालकीची झाली होती. ठेवणारे लोक मालक राहिले नाहीत, रांगेतले धनको झाले. ‘माझ्या खात्यात’ या शब्दांतले ‘माझ्या’ फक्त ‘खात्या’ला लागत होते, हे त्यांना फार उशिरा कळले.

म्हणून वाटणीबाबत माझे मत असे. ई-पुस्तके हिशेबातून पूर्ण काढून टाका. त्यांच्यावर किती खर्च झाला हा आकडा इथे काही सांगत नाही, कारण जे विकता येत नाही आणि देता येत नाही त्याला वाटणीत किंमत नसते. भावाचा प्रस्ताव अप्रामाणिक आहे असे मला वाटत नाही, तो भरलेल्या रकमेला मालमत्ता समजतो आहे, इतकेच. कपाटे आणि बिटकॉइन हीच खरी वाटणीची मालमत्ता. बिटकॉइनसाठी, रक्कम लहान असली तरी, वारसा आणि कर यांबाबत तुमच्या देशातल्या जाणकार वकिलाचा सल्ला घ्या. शब्दांची ती ओळ कागदावर सापडली तर तिचे छायाचित्र काढू नका, कोणाला पाठवू नका आणि ती दोघांच्या समक्षच उघडा.

आणखी एक ढीग उरतो, आणि त्याच्याबद्दल तुम्ही पत्रात जवळजवळ विचारलेच नाही: वडिलांनी जे घेतले नाही, तर स्वतः केले. त्यांनी लिहिलेले ईमेल, काढलेली छायाचित्रे, पुस्तकांतल्या टिपा. पैसे देऊन घेतलेली ई-पुस्तके त्यांची नव्हती आणि हे फुकट केलेले मात्र पूर्णपणे त्यांचे होते. इंग्लंडमध्ये 1741 साली कवी अलेक्झांडर पोप यांची पत्रे एका प्रकाशकाने त्यांना न विचारता छापली, तेव्हा न्यायालयाने म्हटले होते की पत्र ज्याला मिळाले त्याची मालकी फार तर कागदावर. शब्द लिहिणाऱ्याचेच राहतात. बहुतेक देशांत आजही तेच तत्त्व आहे, आणि हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर काही दशके वारसांकडे राहतो. तेव्हा तुमच्या वडिलांच्या शब्दांचे हक्कदार, कायद्याने, तुम्ही दोघे असण्याची दाट शक्यता आहे. अडचण इतकीच की ते शब्द दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेले आहेत.

त्या कपाटाच्या किल्लीबाबत कायदा अजून घडतो आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2018 मध्ये एका मृत मुलीच्या आईवडिलांना तिचे फेसबुक खाते पाहण्याचा अधिकार दिला. रोजनिशी आणि पत्रे वारसांकडे जातात, मग खात्याचा करारही जातो, असा त्यामागचा विचार होता. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मात्र, सेवेने दिलेल्या सोयीतून खातेदाराने आपल्या मागे कोणाला प्रवेश द्यायचा ते नोंदवले असेल तर ती नोंद मृत्युपत्रालाही मागे सारते. गूगलने अशी सोय 2013 मध्ये आणि ॲपलने 2021 मध्ये दिली. वडिलांनी ती वापरली होती का, हे पाहून घ्या, आणि तुम्ही दोघांनी स्वतःच्या खात्यांवर ती याच आठवड्यात भरून टाका.

तोवर काही गोष्टी करू नका. त्यांचा मोबाइल क्रमांक बंद करू नका, कारण खात्यांची खातरजमा करणारे संकेतांक त्यावरच येतात. बऱ्याच घरांत पहिल्याच महिन्यात बिल वाचवायला क्रमांक बंद होतो आणि त्याबरोबर ईमेल, छायाचित्रे आणि बाकीचे सगळे कुलूपबंद होते. जुना फोन पुसून कोणाला देऊ नका. आणि ई-रीडर कोणत्याही कारणाने त्यांच्या खात्यापासून वेगळा करू नका, नवीन खात्याला जोडू नका, कारण तसे केल्यास आतली पुस्तके आणि त्यांच्याबरोबर टिपा यंत्रावरून जाण्याचा धोका असतो. सध्या त्याचे वायरलेस बंद ठेवून तो चार्ज करत राहा.

किंडल आणि तशा काही यंत्रांत वाचकाच्या टिपा आणि ठळक केलेली वाक्ये एका साध्या मजकूर-फाइलमध्ये जमा होत राहतात. ई-रीडर केबलने संगणकाला जोडला की तो सहसा पेन ड्राइव्हसारखा उघडतो आणि ती फाइल इतर फायलींच्या शेजारी सापडते. तिच्यात प्रत्येक टिपेपाशी पुस्तकाचे नाव, पुस्तकातली जागा आणि टीप लिहिल्याची तारीख असते. ती उतरवून घेण्यासाठी कोणाच्या परवान्याची गरज नाही, आणि तिचे निम्मे-निम्मे करावे लागत नाही: एक प्रत तुमच्याकडे, एक भावाकडे, दोन्ही पूर्ण. फाइलमध्ये ‘संपले’ हा शब्द शोधलात तर त्यांनी शेवटपर्यंत वाचलेल्या ई-पुस्तकांची नावे तारखांसह एकाखाली एक दिसतील. कपाटांतल्या पुस्तकांची शेवटची पाने उघडून पेन्सिलीच्या तारखा त्याच यादीत भरायला तुम्हाला दोन-तीन रविवार लागतील; कपाटे कोणाच्या घरी जायची ते त्यानंतर ठरवा, आणि या कामाला भावाला बोलवा.